एका क्लिपवरून माणसाचा निकाल: एनबीएचे तरुण खेळाडू आणि ‘हॉट टेक’चा बाजार

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांचे दोन सामने झाले. हंगामापूर्वीचे हे सराव सामने होते, पण एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग भारतात प्रत्यक्ष खेळली ती तेव्हा पहिल्यांदाच. आज आम्ही ज्या तरुणांसोबत काम करतो त्यांच्यातील अनेकांना या लीगचे खेळाडू नावानिशी माहीत आहेत. सामने मात्र फार कमी जण पाहतात. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, म्हणजे कॉलेजची किंवा कामाला निघण्याची वेळ. त्यामुळे मोबाईलवर पोहोचतात त्या दोनच गोष्टी. एक, पंधरा सेकंदांचा डंक. दुसरी, कोट-टाय घातलेला एक माणूस टेबलावर हात आपटून सांगतो की अमुक खेळाडू संपला, तमुक खेळाडूच्या अंगात दमच नाही.

या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत ‘हॉट टेक’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर उचलली जीभ लावली टाळ्याला. फरक इतकाच की इथे जीभ उचलण्याचे पैसे मिळतात, आणि तेही भरपूर. हा प्रकार नेमका चालतो कसा आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर त्यातून अन्याय कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. खेळाची आवड नसलेल्यांनीही पुढे वाचावे, कारण हा विषय शेवटी बास्केटबॉलपुरता राहत नाही.

आधी एका मुलाची गोष्ट. मार्केल फुल्ट्झ. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू संघांना वाटून देण्याच्या प्रक्रियेत, तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. वय एकोणीस. वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळताना त्याची सरासरी सामन्यामागे २३ गुणांची होती आणि दुरून मारलेल्या थ्री-पॉइंटरपैकी ४१ टक्के तो जाळ्यात घालत होता. त्याला घेता यावे म्हणून फिलाडेल्फियाच्या संघाने बोस्टनशी सौदा केला, आपला तिसरा क्रमांक आणि भविष्यातील आणखी एक निवड देऊन पहिला क्रमांक मिळवला. हंगाम सुरू झाला आणि लोकांनी पाहिले की या मुलाला चेंडू नीट फेकताच येत नाही. फ्री थ्रो मारताना हात मध्येच अडखळतो. समोर कोणी अडवायला नसते, पंधरा फुटांवर रिंग असते, आणि कालपर्यंत झोपेतही चेंडू टाकणारा मुलगा आज चेंडू ढकलतो आहे.

त्या अडखळण्याच्या क्लिपा जगभर फिरल्या. हसण्यासाठी फिरल्या. स्टुडिओत बसलेल्यांनी निदान करून टाकले: मुलाच्या डोक्यात गडबड आहे, दडपण झेपत नाही, मोठ्या मंचाची छाती नाही. इतिहासातील सर्वांत फसलेली पहिली निवड कोणती, या यादीत त्याचे नाव पहिल्याच वर्षी चढले. खांदा दुखतो असे त्याच्या बाजूने सांगितले जात होते. पण संघ, एजंट आणि डॉक्टर यांच्याकडून येणारी माहिती एकमेकींशी जुळत नव्हती, आणि माहितीत जिथे जागा रिकामी असते तिथे तर्क पटकन बसतो. पहिल्या हंगामात तो केवळ १४ सामने खेळू शकला. त्यातही एप्रिल २०१८ मध्ये त्याने एकाच सामन्यात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी संख्या गाठली; असे करणारा तो त्या वेळचा लीगच्या इतिहासातील सर्वांत तरुण खेळाडू होता. ती बातमी दोन दिवस टिकली, अडखळणाऱ्या हाताची क्लिप वर्षभर.

डिसेंबर २०१८ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांनी निदान केले: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. गळ्याजवळचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद जागेत हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात, असा हा आजार. हात सुन्न पडतो, मुंग्या येतात, पकड आणि ताकद कमी होते. चेंडू फेकताना बोटांच्या टोकापर्यंत जो ताबा लागतो तो मिळणार कुठून? ज्याला वर्षभराहून अधिक काळ भित्रेपणा म्हटले गेले, त्यामागे दबलेल्या नसा होत्या.

पुढे फिलाडेल्फियाने त्याला ऑर्लँडोला देऊन टाकले. तिथे तो उभा राहिला, जानेवारी २०२१ मध्ये गुडघ्याचे स्नायुबंध तुटून पुन्हा खाली बसला, पुन्हा उभा राहिला आणि २०२२-२३ च्या हंगामात ६० सामने खेळून सरासरी १४ गुण काढले. तो महान खेळाडू झाला नाही. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण अन्याय झाला हे सिद्ध करण्यासाठी पीडिताने नंतर विजेता होऊन दाखवलेच पाहिजे, ही अपेक्षाही हॉट टेकच्याच घरातली आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला दोन कल्पना शिकवल्या होत्या, त्या इथे जशाच्या तशा लागू पडतात. पहिली ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो आणि सगळे खापर त्याच्या स्वभावावर फोडतो. आपल्याला उशीर झाला तर लोकल लेट होती, दुसऱ्याला झाला तर तो बेशिस्त. दुसरी कल्पना हॉवर्ड बेकर यांची, १९६३ च्या ‘आउटसायडर्स’ या ग्रंथातील. बेकर म्हणतात की एखाद्याला ‘वेगळा’ किंवा ‘बिघडलेला’ ठरवणारी गोष्ट त्याच्या कृतीपेक्षाही इतरांनी त्याच्यावर मारलेल्या शिक्क्यात असते. शिक्का बसला की पुढचे प्रत्येक वागणे त्या शिक्क्यातूनच वाचले जाते. भित्रा म्हटलेल्या खेळाडूने चेंडू सहकाऱ्याकडे दिला तर तो जबाबदारी टाळतो, आणि स्वतः मारला व हुकला तर त्याला दडपण झेपत नाही. दोन्हीकडून आरोपी तोच.

मग लोक असे बोलतातच का? बोलणारे सगळे अडाणी आहेत असे मुळीच नाही. कित्येकांना खेळ उत्तम कळतो. प्रश्न धंद्याच्या रचनेचा आहे.

एनबीएचे संघ तीस. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो. सामने बहुतेक रात्री असतात, पण वाहिनी चोवीस तास चालवायची असते. सामना दाखवण्याचे हक्क प्रचंड महाग आहेत. जुलै २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसीयुनिव्हर्सल आणि ॲमेझॉन यांच्याशी लीगने अकरा वर्षांसाठी केलेला करार सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. याउलट एक टेबल, दोन खुर्च्या आणि वाद घालणारी दोन माणसे यांचा खर्च त्या मानाने किरकोळ. ईएसपीएन या वाहिनीवरील ‘फर्स्ट टेक’ हा कार्यक्रम याच हिशोबावर मोठा झाला. २०१२ पासून तिथे स्किप बेलेस आणि स्टीफन ए. स्मिथ समोरासमोर बसू लागले. २०१६ मध्ये बेलेस दुसऱ्या वाहिनीवर तसाच कार्यक्रम करायला गेले, स्मिथ राहिले. २०२५ मध्ये स्मिथ यांनी वाहिनीशी जो नवा करार केला तो पाच वर्षांसाठी किमान दहा कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. लीगमधील कित्येक खेळाडूंना इतका पगार मिळत नाही.

आता या खुर्चीवर बसून कोणी खरे उत्तर दिले तर काय होईल? ‘कालच्या सामन्यात त्याचे नेमबाजीचे प्रमाण घसरले, पण एका सामन्यावरून काही ठरत नाही, पंधरा-वीस सामने पाहू या.’ वाक्य बरोबर आहे. कार्यक्रम मात्र तिथेच संपला, अजून दीड तास भरायचा आहे. म्हणून प्रश्नच असा विचारला जातो की ज्याला मधले उत्तर नाही: अमुकचा वारसा धोक्यात आहे का? तमुक संघाने त्याला विकावे का? दोघांपैकी एकाने हो म्हणायचे, एकाने नाही. आपल्याकडच्या रात्री नऊच्या चर्चा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे यंत्र ओळखीचे वाटेल.

त्यात २०१८ साली आणखी इंधन पडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरील केंद्रीय बंदी रद्द केली आणि राज्यामागून राज्ये सट्टा कायदेशीर करत गेली. आता अमुक खेळाडू आज किती गुण करील यावर पैसे लावणारा प्रेक्षक तयार झाला आहे. तो हरला की खेळाडू त्याच्या लेखी केवळ वाईट खेळलेला नसतो, त्याने याचे पैसे बुडवलेले असतात. शिव्या मग थेट खेळाडूच्या मोबाईलवर जातात.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात. भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो म्हणून ते चालते. बास्केटबॉलचा सामना तसा नसतो. चांगला नेमबाजही दुरून मारलेल्या दर दहा चेंडूंपैकी सहा हुकवतो. कोणत्या रात्री कोणते सहा हुकतील हे बरेचसे योगायोगावर असते. मे २०२३ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना बोस्टनने मायामीविरुद्ध गमावला, तेव्हा बोस्टनने दुरून ४२ चेंडू मारले आणि ९ घातले. संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याचा घोटा सामन्याच्या अगदी पहिल्या चालीवर मुरगळला होता. दुसरा तरुण तारा जेलेन ब्राऊन याने आठ वेळा चेंडू गमावला. दुसऱ्या दिवशी चर्चा घोट्याची फारशी झाली नाही. ब्राऊनला डाव्या हाताने चेंडू खेळवता येत नाही याची थट्टा झाली, आणि जुना प्रश्न पुन्हा वर काढला गेला: हे दोघे एकत्र खेळून जिंकूच शकत नाहीत, एकाला विका.

हा प्रश्न जुना होता म्हणजे किती जुना? टेटम तोच, जो फुल्ट्झच्या सौद्यात बोस्टनला तिसऱ्या क्रमांकावर मिळाला. २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत खेळला. २०२० मध्ये पुन्हा ती मालिका गाठली. जानेवारी २०२२ मध्ये बोस्टनचा संघ १८ विजय, २१ पराभव अशा स्थितीत होता तेव्हा ‘जोडी फोडा’ हा घोष टिपेला गेला. त्याच हंगामात संघाने ५१ सामने जिंकले आणि लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत मजल मारली. तिथे गोल्डन स्टेटकडून ४-२ ने हार झाली. तेव्हा टेटम २४ वर्षांचा होता, ब्राऊन २५ चा. लीगच्या तीस संघांपैकी शेवटच्या दोघांत पोहोचणे हे यश म्हणून मोजलेच गेले नाही. मोजले गेले ते हरणे.

जोडी फोडली नाही. जुलै २०२३ मध्ये ब्राऊनला पाच वर्षांचा, ३० कोटी डॉलरहून मोठा करार मिळाला, तेव्हा तो लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठा होता आणि त्यावरही टवाळी झाली. जून २०२४ मध्ये बोस्टनने डॅलसला ४-१ ने हरवून विजेतेपद मिळवले. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जेलेन ब्राऊन. टेटम संघात गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हींत पुढे. मग तरी शांतता? नाही. आता वाद असा की संघातला खरा पहिला क्रमांक कोणाचा, आणि टेटम महान की नुसता चांगला. दोन महिन्यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या प्रशिक्षकाने त्याला सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत बाकावर बसवले, आणि आठवडाभराची सामग्री मिळाली.

ब्राऊनच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी नोंदवली पाहिजे. तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकलेला, वाचणारा, शिक्षण आणि वंशभेदावर उघड बोलणारा तरुण. २०१६ च्या ड्राफ्टच्या सुमारास एका निनावी संघ-अधिकाऱ्याचे मत छापून आले होते की हा मुलगा या लीगसाठी जरा जास्तच हुशार आहे. या वाक्यामागे काय दडले आहे ते ब्राऊनने नंतर स्वतः स्पष्ट सांगितले: कृष्णवर्णीय खेळाडूकडून शरीराची अपेक्षा आहे, बुद्धीची नाही. लीगमधील सुमारे सत्तर टक्के खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या यशाचे वर्णन करताना ताकद, उडी, निसर्गदत्त शरीर असे शब्द येतात आणि गोऱ्या खेळाडूसाठी अभ्यास, समज, मेहनत असे, हे क्रीडासमाजशास्त्रात वारंवार नोंदवले गेले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका वृत्तवाहिनीवरील निवेदिका लॉरा इंग्रॅम यांनी लेब्रॉन जेम्स यांना तोंड बंद ठेवून चेंडू खेळवण्याचा सल्ला दिला, कारण ते राष्ट्राध्यक्षांवर बोलले होते. तेव्हा लेब्रॉन तेहेतीस वर्षांचे, तीन वेळा विजेते होते. त्यांना असे ऐकावे लागते तर एकोणीस वर्षांच्या पोराची काय कथा. ज्या समाजाच्या गुणवत्तेवर पिढ्यानपिढ्या संशय घेतला गेला, त्यातील वाचकाला ‘शरीर तुमचे, डोके आमचे’ ही वाटणी समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ टीका करू नये असा होत नाही. जा मोरान्ट या मेम्फिसच्या खेळाडूने २०२३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इन्स्टाग्रामवर थेट प्रक्षेपणात बंदूक दाखवली. लीगने त्याला आठ सामन्यांसाठी बाहेर ठेवले. काही आठवड्यांत पुन्हा तसेच घडले, तेव्हा २५ सामन्यांसाठी. हजारो मुले ज्याच्याकडे पाहतात त्याने असे करणे चूकच, आणि तसे ठणकावून लिहिणाऱ्यांनी काही अन्याय केला नाही. तिथे कृती समोर होती, पुरावा होता, शिक्षेची मुदतही ठरलेली होती. हॉट टेकमध्ये यातले काहीच नसते. तिथे चूक फ्री थ्रो हुकण्याची असते आणि शिक्षा चारित्र्याला होते, तीही बिनमुदतीची.

यावर सर्वांत नेमके उत्तर यानिस आंटेटोकूंम्पो याने दिले. नायजेरियातून ग्रीसला आलेल्या कुटुंबातला हा मुलगा अथेन्सच्या रस्त्यांवर घड्याळे, गॉगल विकून घराला हातभार लावत मोठा झाला. २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, २०१९ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या दोन्ही वर्षी त्याचा मिल्वॉकी संघ प्लेऑफमध्ये हरला आणि शिक्का तयार झाला: मोठ्या सामन्याचा खेळाडू नव्हे. २०२१ च्या प्लेऑफमध्ये तो फ्री थ्रोच्या रेषेवर वेळ घेतो म्हणून परक्या मैदानातले प्रेक्षक एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायचे. त्याच वर्षी २० जुलैला अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात त्याने ५० गुण केले, १९ पैकी १७ फ्री थ्रो घातले आणि विजेतेपद आणले. लगेच टेबलावरचा सूर फिरला: पाहा, हे खरे चारित्र्य! आमच्या मते ही स्तुतीही तितकीच कच्ची आहे. त्या हंगामात त्याचे फ्री थ्रोचे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास होते. एका रात्री १९ पैकी १७ गेले म्हणून त्याचा आत्मा बदलला नाही, जसा आधी हुकल्यामुळे तो डागाळला नव्हता.

एप्रिल २०२३ मध्ये अग्रमानांकित मिल्वॉकी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पत्रकाराने विचारले, हा हंगाम अपयश समजायचा का? यानिसने उलट विचारले, तुम्हाला दरवर्षी बढती मिळते का? मिळाली नाही म्हणजे त्या वर्षीचे तुमचे काम अपयशी का? मायकेल जॉर्डन पंधरा हंगाम खेळला, सहा विजेतेपदे जिंकला. मग उरलेली नऊ वर्षे वाया गेली का? उत्तर गाजले. काहींनी त्यालाही पळवाट म्हटले, तेही अपेक्षितच.

खेळाडू कोट्यधीश आहेत, त्यांनी इतके सोसलेच पाहिजे, असा युक्तिवाद आम्ही तरुणांकडून नेहमी ऐकतो. पगारात ताशेरे ऐकण्याची किंमत धरलेली असते हे मान्य करू. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये डेमार डेरोझन याने आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे लिहिले, पुढच्याच महिन्यात केव्हिन लव्ह याने सामन्याच्या मध्यावर आलेल्या भीतीच्या झटक्याविषयी लिहिले. दोघेही नावाजलेले, दोघेही श्रीमंत. त्यानंतर लीगने संघांकडे मानसिक आरोग्य तज्ज्ञ असलेच पाहिजेत असा नियम केला. रोग बँकेचे पासबुक पाहून येत नाही.

चांगला पर्याय नाही असेही नाही. खेळ उलगडून सांगणारे माजी खेळाडू आहेत. जे. जे. रेडिक, जे फिलाडेल्फियात फुल्ट्झचे सहकारी होते आणि २०२४ पासून लेकर्सचे प्रशिक्षक आहेत, त्यांनी लेब्रॉनसोबत एक पॉडकास्ट केला. त्यात निकाल कमी आणि चाल का रचली, बचाव कुठे फुटला याची चर्चा जास्त. हे ऐकायला वेळ लागतो. तीस सेकंदांत त्यातले काही हाती येत नाही, आणि म्हणूनच ते आपल्या मोबाईलपर्यंत सहज येत नाही. क्लिप समोर आली की तिच्या आधीचा आणि नंतरचा मिनिट कुठे आहे, एवढे शोधण्याची सवय आम्ही आमच्या गटांत लावू पाहतो आहोत. चळवळीतल्या एखाद्या तरुण वक्त्याची कापलेली क्लिप फिरते तेव्हा ती सवय उपयोगी पडते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल.

कापलेल्या क्लिपचे एक जुने आणि मोठे उदाहरण ॲलन आयव्हर्सनचे. ७ मे २००२. आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, वय २६. फिलाडेल्फियाचा संघ पहिल्या फेरीत हरला होता आणि पत्रकार परिषदेत त्याला सरावाला दांडी मारण्याविषयी छेडले गेले. तो चिडून ‘प्रॅक्टिस’ हा शब्द वीसहून अधिक वेळा उच्चारतो: सामन्याविषयी नाही, आपण सरावाविषयी बोलतो आहोत! ही क्लिप आजही विनोद म्हणून फिरते. आळशी, उर्मट ताऱ्याचा नमुना म्हणून. त्याच पत्रकार परिषदेत, काही मिनिटांच्या अंतराने, तो सांगतो की माझा जवळचा मित्र मेला आहे. त्या मित्राचा काही महिन्यांपूर्वी गोळी घालून खून झाला होता. तो भाग क्लिपमध्ये नसतो. प्रश्न विचारणाऱ्यांनीही तेव्हा तो धरला नाही, पुन्हा सरावाकडेच वळले.

आयव्हर्सन २०१६ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याचा पुतळा उभारला. तो बसवला आहे संघाच्या सराव केंद्रात.